कोडॅक, पिठाचे पोस्टर आणि एक खटला

न्यू यॉर्क राज्याच्या उत्तर भागात, जेनेसी नदीच्या काठी, रॉचेस्टर नावाचे शहर आहे. धबधब्याच्या पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्यांमुळे ते आधी नावारूपाला आले आणि एकोणिसावे शतक सरता सरता कॅमेऱ्यांचे शहर म्हणून जगभर ओळखले जाऊ लागले. माणसाचा चेहरा त्याला न विचारता टिपावा का, आणि टिपला तर तो कुणी कसा वापरावा, या भांडणातला अमेरिकेतला सर्वांत गाजलेला खटलाही याच गावातून उभा राहिला. त्यात पीठ होते, फोटो होता आणि अजून विशीही न गाठलेली एक मुलगी होती.

खटल्याकडे वळण्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण फोटो ही एके काळी चोरून काढण्याजोगी गोष्ट नव्हतीच. १८३८ मध्ये लुई दागेरने पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून बुलव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचे चित्र घेतले. रस्ता चांगला वर्दळीचा, पण चित्रात तो ओस पडलेला दिसतो. प्लेटवर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत, त्यामुळे चालत्या माणसांचा आणि धावत्या घोडागाड्यांचा मागमूसही राहिला नाही. एक माणूस मात्र जागचा हलला नाही, कारण तो बूट पॉलिश करून घेत होता. फोटोत आलेला पहिला माणूस म्हणून आज त्याच्याकडे बोट दाखवले जाते. त्याला कुणी विचारले नव्हते आणि आपला फोटो निघाला हे त्याला कळलेही नाही. बूट पुसणाऱ्याची आकृती तर त्याच्याहूनही अंधूक आहे.

असे अपघात विरळा. पुढची तीसचाळीस वर्षे फोटो म्हणजे बैठक. स्टुडिओत जायचे, ठेवणीतले कपडे घालायचे, मान हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावून घ्यायचा आणि फोटोग्राफर म्हणेल तोवर पापणीही लववायची नाही. ज्याला फोटो नको असेल त्याने नुसते हलले तरी पुरे. माणसाची संमती अशी यंत्राच्या मंदपणातच सामावलेली होती. आपल्याकडेही निराळे नव्हते. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या एतद्देशीय सभासदांपैकी. पुढे १८९२ मध्ये लाला दीनदयाळ यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा झनाना स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. कुणी पाहावे आणि कुणी पाहू नये, हे तिथे भिंती बांधून ठरवले होते. अमेरिकेतले लोक याच सुमारास भिंती कुठे घालाव्यात या चिंतेत होते.

ती चिंता जॉर्ज ईस्टमनने निर्माण केली. हा रॉचेस्टरच्या बचत बँकेतला कारकून. फोटोग्राफीचा छंद लागला तेव्हा तिच्या सरंजामाचाच त्याला वैताग आला : तिपाई, तंबू, काचेच्या प्लेटा, रसायनांच्या बाटल्या. बँक सोडून त्याने आधी कोरड्या प्लेटा बनवायला घेतल्या, मग गुंडाळीची फिल्म काढली आणि १८८८ मध्ये ती फिल्म भरलेली एक चौकोनी पेटी बाजारात आणली. तिचे नाव कोडॅक. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म. दोरी ओढायची, बटण दाबायचे, किल्ली फिरवायची, झाले. फिल्म संपली की पेटीच उचलून रॉचेस्टरला पाठवायची. १० डॉलर घेऊन कंपनी धुतलेले गोल फोटो आणि नव्या फिल्मने भरलेली पेटी परत धाडत असे.

या पेटीबद्दल लिहिणारे बहुतेक जण तिच्या सोपेपणावर थांबतात. मला तिच्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिला डोळा लावून पाहायची सोयच नव्हती. वरच्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन रेघा असत, त्यांच्या अंदाजाने पेटी रोखायची. म्हणजे फोटो काढणारा वाकत नाही, काळ्या कापडात डोके घालत नाही, पेटी छातीशी धरून तो नुसता उभा असतो. समोरच्या माणसाला सावध करणाऱ्या सगळ्या खुणा एका फटक्यात नाहीशा झाल्या.

मुद्दाम लपवलेले कॅमेरेही होते. १८८६ मध्ये आलेला श्टिर्न कंपनीचा कॅमेरा थाळीसारखा चपटा असे. तो कोटाच्या आत गळ्यात अडकवायचा आणि काजातून भिंग बाहेर काढायचे, की बघणाऱ्याला ते बटणच वाटे. १८९० च्या दशकात कार्ल स्टोर्मर नावाचा नॉर्वेजियन विद्यार्थी असला कॅमेरा घालून क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ऑस्लोच्या, मुख्य रस्त्यावर फिरत असे. ओळखीच्या माणसाला वाकून अभिवादन करायचे आणि तो उलट टोपी उचलत असताना खिशातली दोरी ओढायची, ही त्याची रीत. त्याच्या या गंमतीत नाटककार हेन्रिक इब्सेनही सापडले. स्टोर्मर पुढे गणिती झाला आणि ध्रुवीय प्रकाशाच्या फोटोंसाठी त्याने नाव कमावले. रस्त्यावर चोरून टिपलेले ते शेकडो फोटो आज पाहिले तर लोभस आहेत. त्या काळच्या स्टुडिओतल्या कुठल्याच चेहऱ्यावर असे मोकळे हसू दिसत नाही. पण ते हसू कॅमेऱ्यासाठी नव्हते.

अमेरिकन वर्तमानपत्रांना मात्र यात लोभस काही दिसेना. समुद्रकिनाऱ्यावर पोहायच्या कपड्यांतल्या बायकांवर रोखलेली ती पेटी पाहून संतापलेले मजकूर छापून येऊ लागले. कॅमेऱ्याने झपाटलेल्यांसाठी पत्रकारांनी 'कोडॅक फीन्ड' असे नावच पाडले, फीन्ड म्हणजे राक्षस. यातली गंमत अशी की हेच पत्रकार बड्या घरांतल्या कुळकथा मिटक्या मारत छापत होते. त्यातच फोटो थेट छापण्याची हाफटोनची रीत वर्तमानपत्रांच्या हाती येत होती. न्यू यॉर्कच्या 'डेली ग्राफिक'ने मार्च १८८० मध्ये छापलेला हाफटोन फोटो त्या प्रकारातल्या पहिल्यांपैकी एक. विषय होता झोपड्यांची वस्ती. हा तपशील ध्यानात असू द्यावा.

जाहिरातदारांना चेहऱ्यांची भूक होतीच. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी १८८६ मध्ये व्हाइट हाउसमध्ये एकवीस वर्षांच्या फ्रान्सिस फॉल्समशी लग्न केले आणि त्या तरुण बाईंचे चित्र नाना तऱ्हेच्या मालावर झळकू लागले. कुणी विचारले नाही, कुणी पैसे दिले नाहीत. १८८८ मध्ये इलिनॉयचे एक प्रतिनिधी जॉन थॉमस यांनी काँग्रेसमध्ये एक विधेयक मांडले : लेखी संमतीवाचून कुठल्याही स्त्रीचे चित्र जाहिरातीत वापरायला बंदी असावी. विधेयक तिथेच विरले. देशाच्या पहिल्या बाईंनाही आपला चेहरा राखता येईना, तिथे इतरांचे काय.

जून १८९० मध्ये ब्रॉडवे थिएटरमधल्या एका संगीतिकेत मॅरियन मॅनोला ही अभिनेत्री घट्ट विजारीत, त्या काळच्या मानाने धीट वेशात, काम करत होती. त्या वेशातला फोटो जाहिरातीला हवा असा व्यवस्थापकाचा आग्रह, तिचा ठाम नकार. एके रात्री प्रयोग रंगात असताना प्रेक्षागृहातल्या बॉक्समधून फ्लॅश उडाला. तिने अंगावरचा झगा चेहऱ्यावर ओढून रंगमंच सोडला आणि कोर्टातून त्या फोटोच्या वापराविरुद्ध मनाई हुकूम आणला. विरोधी बाजूने कोर्टात कुणी आलेच नाही, त्यामुळे प्रश्नाचा कायदेशीर निकाल लागला नाही. पण या प्रकरणात एक नाजूक गाठ होती. हजारभर लोकांसमोर त्याच वेशात रोज उभी राहणारी बाई एका फोटोला नाही म्हणू शकते का? मॅनोलाचे म्हणणे होते की शकते. रंगमंचावरचे आपले दर्शन त्या रात्रीपुरते असते, दुकानाच्या खिडकीत लावलेला फोटो तसा नसतो. सार्वजनिक ठिकाणच्या खासगीपणाची बाजू याहून नेमकी क्वचितच कुणी मांडली असेल, आणि ती कुणा कायदेपंडिताने नव्हे, एका नटीने मांडली.

कायदेपंडित सहा महिन्यांनी आले. १५ डिसेंबर १८९० च्या 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या बॉस्टनच्या दोन तरुण वकिलांचा खासगीपणाच्या हक्कावरचा लेख आला. मॅनोलाचा दाखला त्यात आहे. वॉरनने हा लेख का लिहिला याबद्दल एक गोष्ट कायद्याच्या वर्गांत अनेक वर्षे सांगितली गेली : त्याच्या मुलीच्या लग्नाचा वर्तमानपत्रांनी तमाशा केला म्हणून. गोष्ट रंगतदार आहे आणि साफ खोटी आहे, कारण वॉरनचे स्वतःचे लग्नच १८८३ मधले. लेख आला तेव्हा त्याची लेक जेमतेम सहा-सात वर्षांची असणार. खरे कारण असलेच तर सासरवाडीचे. त्याची बायको मेबल ही सिनेटर आणि पुढे परराष्ट्रमंत्री झालेल्या टॉमस बेयर्ड यांची मुलगी. १८८६ च्या जानेवारीत तिची बहीण आणि आई पंधरवड्याच्या अंतराने वारल्या आणि त्या शोकाचेही वार्तांकन झाले. वॉरनच्या घरचा धंदा कागदाच्या गिरणीचा होता हेही इथे सांगायला हवे. ज्या छापील चहाटळपणाचा त्याला तिटकारा आला, तो कागदावरच छापला जात होता.

लेखातला युक्तिवाद आजही ताजा वाटतो. तोवरच्या कोर्टांनी फोटोची प्रकरणे करारावर किंवा विश्वासभंगावर सोडवली होती. १८८८ मध्ये इंग्लंडमधल्या एका फोटोग्राफरने गिऱ्हाईक बाईंच्या फोटोची नाताळची भेटकार्डे करून विकायला ठेवली, तेव्हा कोर्टाने त्याला याच आधाराने रोखले : बाईंनी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला, त्यात असा वापर गृहीत नव्हता. वॉरन आणि ब्रँडाइस यांनी विचारले, की माणूस फोटोला बसलाच नसेल तर? रस्त्यातून जाताना कुणी क्षणात टिपून नेले तर? करार नाही, विश्वास नाही, मग कशाचा भंग झाला म्हणायचा? म्हणून त्यांना नवा पाया हवा होता. न्यायमूर्ती कूली यांच्या ग्रंथातून त्यांनी एक कल्पना घेतली, की माणसाला आपल्यापुरते राहू द्यावे हा त्याचा स्वतंत्र हक्क आहे. मालमत्तेवर नव्हे, व्यक्तित्वावर उभा असलेला हक्क.

त्याच हिवाळ्यात, महिनाभर आधी, न्यू यॉर्कमध्ये एक पुस्तक निघाले होते आणि या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय तो काळ समजत नाही. त्याचा लेखक जेकब रीस हा डॅनिश स्थलांतरित, पोलिसांच्या बातम्या देणारा वार्ताहर. शहराच्या गलिच्छ चाळींमधले जिणे लोकांना दिसावे म्हणून त्याने कॅमेरा उचलला. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅशपूड निघाली होती, तिने अंधाऱ्या खोल्या उजळता येत. रीस आणि त्याचे सोबती मध्यरात्री चाळीत शिरत, पिस्तुलासारख्या नळीतून पूड पेटवत, आणि झोपेतून दचकून उठलेली माणसे आपल्यावर गोळी झाडली असे समजून खिडकीतून पळत. एकदा आंधळ्या भिकाऱ्यांच्या खोलीत फ्लॅशने आग लागली. रीसने ती एकट्याने कशीबशी विझवली. नंतर एका पोलिसाने त्याला हसत सांगितले, की त्या घरातली घाण इतकी आहे की तिला आग धरत नाही.

रीसचा हेतू चांगला होता आणि त्याच्या कामाने चाळींच्या सुधारणेला खरोखर बळ मिळाले, हे नाकारता येत नाही. पण त्या आंधळ्या भिकाऱ्यांच्या खासगीपणाबद्दल 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'त अवाक्षर नाही. बॉस्टनच्या दिवाणखान्यात डोकावणाऱ्याला रोखायला नवा हक्क शोधला जात होता आणि मलबेरी स्ट्रीटच्या चाळीत रात्री दार ढकलून शिरणे हे समाजकार्य ठरत होते. कॅमेऱ्याच्या इतिहासातला हा भेद पुढेही पुसला गेला नाही.

आपल्याकडे तो आणखी उघडा होता. १८९६-९७ च्या प्लेगात मुंबईत घरझडत्यांचे, रुग्णांना हलवण्याचे, इस्पितळांचे फोटो सरकारी कामाची नोंद म्हणून काढले गेले. कॅप्टन मॉस यांच्या नावाने त्यांचे संग्रह आजही पाहायला मिळतात. पुण्यात तर गोरे सोजीर देवघरापर्यंत शिरले आणि २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. घराच्या उंबऱ्याचा मान काय असतो हे पुणेकरांना सांगायला कुठल्या लॉ रिव्ह्यूची गरज नव्हती. तो मान राखणारा कायदा मात्र त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

आता रॉचेस्टरचा खटला. अबिगेल रॉबर्सन ही तिथली एक अनाथप्राय, सामान्य घरातली मुलगी. तिच्या फोटोवरून फ्रँकलिन मिल्स या पीठ कंपनीची २५,००० पोस्टर्स छापली गेली. छापणारी होती रॉचेस्टर फोल्डिंग बॉक्स कंपनी. दुकानांत, वखारींत, दारूच्या गुत्त्यांत ती टांगली गेली. ओळखीची माणसे पोस्टर पाहून तिला ओळखू लागली, चेष्टा होऊ लागली, ती अंथरुणाला खिळली, डॉक्टरला बोलवावे लागले. तिच्या वतीने १५,००० डॉलर भरपाईचा आणि पोस्टर्स थांबवण्याचा दावा दाखल झाला. खालच्या दोन्ही कोर्टांत तिची बाजू उचलून धरली गेली. मग प्रकरण राज्याच्या सर्वोच्च कोर्टात, म्हणजे न्यू यॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्समध्ये गेले.

१९०२ च्या जूनमध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ती हरली. मुख्य न्यायाधीश ऑल्टन पार्कर यांनी लिहिलेला निकाल वाचला तर तो मूर्ख माणसाचा वाटत नाही. त्यांचे म्हणणे असे, की असा हक्क आजवरच्या कुठल्या निकालात सापडत नाही. तो एकदा मान्य केला तर रेघ कुठे ओढणार? आज फोटो, उद्या वर्णन, परवा कुणाच्या दिसण्यावरची टिप्पणी. दाव्यांचा पूर येईल, छापणाऱ्यांचे स्वातंत्र्य धोक्यात येईल. हवा असेल तर विधिमंडळाने कायदा करावा. इथवर ठीक. पण जाता जाता त्यांनी असेही सुचवले, की चित्र चांगले उतरले आहे, त्यात बदनामीकारक काही नाही, आणि दुसरी एखादी स्त्री असती तर आपल्या रूपाचा हा गौरव समजून खूश झाली असती. या एका वाक्यापायी निकालातले बाकीचे कायदेशास्त्र लोकांच्या लेखी वाया गेले. विरोधी मत नोंदवणारे न्यायमूर्ती जॉन ग्रे यांनी मात्र प्रश्न बरोबर ओळखला : नव्या यंत्रांनी माणसाला इजा करण्याचे नवे मार्ग दिले असतील तर जुन्या निकालात आधार सापडत नाही म्हणून कोर्टाने हात वर करायचे का?

वर्तमानपत्रांनी रान उठवले. बहुमतातल्या एका न्यायाधीशाला तर कायद्याच्या नियतकालिकात लेख लिहून निकालाचे समर्थन करावे लागले. न्यायाधीशांवर अशी पाळी क्वचित येते. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, न्यू यॉर्कच्या विधिमंडळाने कायदा केला : जिवंत माणसाचे नाव, चित्र किंवा छबी त्याच्या लेखी संमतीशिवाय जाहिरातीसाठी अथवा व्यापारासाठी वापरणे हा गुन्हा. ज्याची छबी वापरली त्याला भरपाई आणि मनाई हुकूमही मागता येईल. आणखी दोन वर्षांनी जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. अटलांटातल्या एका कलावंताचा फोटो एका विमा कंपनीने न विचारता जाहिरातीत छापला होता : शेजारी विमा न काढलेला फाटका माणूस आणि हा विमा काढलेला धडधाकट. त्या कलावंताने आयुष्यात कधी त्या कंपनीचा विमा काढला नव्हता. न्यायमूर्ती कॉब यांनी विधिमंडळाची वाट न पाहता खासगीपणाचा हक्क सरळ मान्य केला. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तसे करण्याची ती पहिलीच वेळ.

पार्करसाहेबांची गोष्ट इथे संपत नाही, आणि तिचा पुढचा भाग एखाद्या प्रहसनकाराने रचावा तसा आहे. १९०४ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. हडसन नदीकाठच्या त्यांच्या घराभोवती फोटोग्राफरांनी तळ ठोकला. पार्कर पोहायला निघाले, फिरायला निघाले, बायको अंगणात आली, की कुठून तरी कॅमेरा रोखलेला. शेवटी ते वैतागून म्हणाले, की खिशात हात घालून हवे तसे मोकळे बसण्याचा माझा हक्क मी सोडणार नाही, दर वेळी कुणी टिपेल याची धास्ती बाळगून मी का जगू? जुलैमध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये त्यांना उद्देशून एक अनावृत पत्र छापून आले. लिहिणारी होती अबिगेल रॉबर्सन. तिने अत्यंत अदबीने आठवण करून दिली, की आपण म्हणता तसा कुठलाही हक्क आपल्याला नाही, आणि हे मी फार मोठ्या अधिकारवाणीच्या आधारे सांगते आहे, तो निकाल आपणच लिहिला होता. नोव्हेंबरमध्ये थिओडोर रूझवेल्टने पार्करांचा दणदणीत पराभव केला. त्याचा या पत्राशी संबंध जोडणे अतिशयोक्ती होईल.

पण त्या पत्रात एक बारीक फट आहे आणि खरा वाद त्या फटीतच अडकून राहिला. १९०३ च्या कायद्याने रॉबर्सनसारख्या मुलींना संरक्षण मिळाले, पार्करांना नाही. फोटो काढण्यावर त्या कायद्यात एक शब्द नव्हता. चेहऱ्याने माल विकू नका, एवढेच त्याचे म्हणणे. तोवर कॅमेरा तर घरोघरी गेला होता. १९०० मध्ये ईस्टमनने ब्राउनी काढला, किंमत फक्त एक डॉलर, आणि पोराटोरांच्या हातात तो आला. कोडॅक फीन्ड म्हणून ज्यांची टवाळी झाली ते मूठभर होते. ब्राउनीनंतर सगळेच त्यात आले, आणि टवाळी थांबली. लोकांनी तत्त्व मान्य केले म्हणून ती थांबली असे मला वाटत नाही. ज्याच्या त्याच्या घरात तेच यंत्र आले, म्हणून थांबली.

जर्मनांनी वेगळी वाट काढली आणि तिच्या मुळाशी एक बीभत्स प्रकार आहे. ३० जुलै १८९८ च्या रात्री बिस्मार्क वारले. त्याच रात्री हॅम्बुर्गचे दोन फोटोग्राफर घरातल्या नोकराला फितवून खिडकीतून आत शिरले आणि मॅग्नेशियमच्या उजेडात त्यांनी मृत्युशय्येचा फोटो काढून नेला. चोरांना तुरुंगवास झाला, फोटो जप्त झाला. पण मृताच्या चेहऱ्यावर हक्क कुणाचा, याचे उत्तर जर्मन कायद्यात नव्हते. न्यायालयाला घुसखोरीचा आधार घ्यावा लागला. १९०७ मध्ये तिथे जो कायदा झाला त्याने थेट सांगितले, की माणसाचे चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येणार नाही, मग ते जाहिरातीत असो वा मासिकात. अपवादही तितकेच स्पष्ट : समकालीन इतिहासातल्या व्यक्ती, सभा आणि मिरवणुका, आणि एखाद्या दृश्यात सहज आलेली माणसे. न्यू यॉर्कने बाजाराला आवर घातला, जर्मनीने प्रसिद्धीला. माझ्या मते दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक होता.

अमेरिकेत बातमीला मोकळे रान मिळाले ते न्यूजरीलमुळे. ग्रेस ह्यूमिस्टन या न्यू यॉर्कच्या नामांकित वकील बाईंचे चलच्चित्र युनिव्हर्सल कंपनीच्या न्यूजरीलमध्ये दाखवले गेले. बाईंनी १९०३ च्या कायद्याखाली दावा केला. १९१९ मध्ये कोर्टाने सांगितले की बातमी हा व्यापार नव्हे. आपल्याकडे ही पायरी वादाशिवायच ओलांडली गेली होती. मुंबईत स्टुडिओ चालवणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचे आणि १९०१ च्या अखेरीस केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण केले. गर्दीतल्या कुणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. पडद्यावर आपण दिसलो याचा आनंदच झाला असावा.

शंभर वर्षांनी न्यू यॉर्कचा तो कायदा रस्त्यावरच कसाला लागला. फोटोग्राफर फिलिप-लॉर्का डिकॉर्शिया याने टाइम्स स्क्वेअरमध्ये उंचावर फ्लॅश लपवून, दूर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यातला एक चेहरा एका वृद्ध, धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थांचा होता. मूर्तिपूजेला मनाई करणारी आज्ञा ते अक्षरशः पाळत आणि आपली प्रतिमा घडवली जाणे हाच त्यांच्या लेखी धर्मभंग होता. गॅलरीत त्या फोटोच्या प्रती वीस ते तीस हजार डॉलरला विकल्या गेल्या. २००६ मध्ये कोर्टाने त्यांचा दावा फेटाळला : ही कला आहे, व्यापार नव्हे. तीस हजार डॉलरला विकली जाणारी वस्तू व्यापार कशी नाही, हे त्या वृद्धांना पटले नसेल तर त्यांना दोष देता येत नाही.

ब्रँडाइस पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. १९२८ मध्ये टेलिफोनवर चोरून ऐकण्याच्या प्रकरणात त्यांनी तोच जुना हक्क आता सरकारविरुद्ध मांडला, तोही विरोधी मतात. भारतातही तो असाच विरोधी मतांच्या दाराने आला. १९६२ मधल्या खडक सिंग प्रकरणात बहुमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला नाही, न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मानला. १९९४ मध्ये राजगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय माणसाचे नाव वा छबी वापरणे हा खासगीपणाचा भंग असल्याचे म्हटले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने हा हक्क मान्य केला. त्या निकालात वॉरन आणि ब्रँडाइस यांच्या लेखाची सविस्तर दखल आहे, आणि केवळ सार्वजनिक ठिकाणी आला म्हणून माणूस आपला खासगीपणा गमावत नाही, असे स्वच्छ विधानही आहे. मॅनोलाला हेच म्हणायचे होते.

विधान झाले, कायदा झालेला नाही. 'छायाचित्रणास मनाई' असे फलक आपल्याकडे पूल, धरणे आणि लष्करी ठाणी यांच्यासाठी लागतात, माणसांसाठी नाही. चोरून पाहण्याविरुद्धचे कलम २०१३ मध्ये दंडसंहितेत आले आणि नव्या न्यायसंहितेतही कायम आहे. पण त्याची व्याख्या स्त्रीच्या खासगी कृतीपुरती आहे : न्हाणीघर, शौचालय, कपडे बदलणे, शरीरसंबंध. लोकलच्या डब्यात डुलकी लागलेल्या बाईचा फोटो काढून कुणी हसण्यासाठी पसरवला तर ते कलम तिच्या कामाचे नाही. चित्रपट अभिनेते दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन आपल्या चेहऱ्याच्या वापरावर मनाई मिळवतात. अमिताभ बच्चन यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये मिळवली, अनिल कपूर यांनी पुढच्या वर्षी. त्यांना ती परवडते. डुलकी लागलेल्या बाईसाठी कायदा करताना निदान जर्मनीच्या १९०७ च्या कायद्यावरून एकदा नजर फिरवावी. काढण्यापेक्षा पसरवण्याला आवर घाला, आणि बातमीला व गर्दीला वाट मोकळी ठेवा, एवढे त्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे.